विडी ओढणाऱ्या वडिलांचा सीईए (कर्करोगात रक्तात वाढू शकणारे एक प्रथिन) वाढलेला आला आहे. हा फुफ्फुसाचा कर्करोग समजावा का, आणि खात्रीसाठी आणखी कोणती रक्ततपासणी करावी?

तुम्ही लिहिले आहे की वडील ६४ वर्षांचे आहेत, तीस वर्षांपासून विडी ओढतात, दोन महिने त्यांचा खोकला हटलेला नाही, आणि संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजमध्ये त्यांचा सीईए ७.८ आला असून अहवालात तो ठळक अक्षरांत छापला आहे. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वैद्यकीय जीवरसायनशास्त्राचे काम करते आणि असे अहवाल रोज माझ्या सहीने बाहेर पडतात, म्हणून उत्तर आधी सांगते आणि कारणे नंतर. या आकड्यावरून कर्करोग आहे असे म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. आणखी चार ट्यूमर मार्कर, म्हणजे कर्करोगात वाढू शकणाऱ्या अशाच पदार्थांच्या रक्तचाचण्या, केल्याने यात काही फरक पडणार नाही. वडिलांना छातीच्या डॉक्टरांना दाखवणे, छातीचा सीटी स्कॅन आणि क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी या तीन गोष्टींची गरज आहे, आणि त्या याच आठवड्यात व्हाव्यात. हा आग्रह सीईएमुळे नाही. इतकी वर्षे विडी ओढलेल्या माणसाचा खोकला दोन महिने टिकतो, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे, आणि सीईए अगदी २ आला असता तरी मी हेच सांगितले असते.

सीईए हे प्रथिन १९६५ मध्ये माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शोधले. ते कर्करोगापुरतेच मर्यादित असावे अशी तेव्हा आशा होती. ती टिकली नाही. निरोगी माणसाच्या रक्तातही ते थोडे असते, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये जास्त असते, म्हणूनच बहुतेक प्रयोगशाळा धूम्रपान न करणाऱ्यांसाठी ३ च्या आसपास आणि करणाऱ्यांसाठी ५ च्या आसपास अशा दोन वेगळ्या मर्यादा छापतात. श्वासनलिकांचा जुनाट दाह, यकृताचा सिरॉसिस, आतड्यांचा दाह किंवा स्वादुपिंडाला आलेली सूज यांतही ते वाढते, आणि दहाच्या आतले पुष्कळसे आकडे अशाच कारणांचे निघतात. उलट बाजू याहून महत्त्वाची आहे: फुफ्फुसाची गाठ लहान असताना, म्हणजे शस्त्रक्रियेने ती पूर्ण काढता येईल अशा अवस्थेत, बऱ्याच रुग्णांचा सीईए मर्यादेतच असतो. ज्यांचा आकडा मर्यादेत आला ते घरचे निश्चिंत होतात आणि सीटी स्कॅन पुढे ढकलतात. अशा पॅकेजचा मला सर्वांत मोठा वाटणारा धोका हाच आहे.

हे थोडे गणिताने पाहू. यातले आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा, काहीही त्रास नसलेल्या दहा हजार धूम्रपान करणाऱ्यांची तपासणी केली आणि त्यांपैकी ५० जणांना खरोखर कर्करोग आहे. चाचणी शंभरातले ४० रुग्ण पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी १० जणांना चुकीने वाढलेली दाखवते, असे धरले तर ५० पैकी २० सापडतील, ३० निसटतील, आणि उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांपैकी ९९५ जणांच्या अहवालावर ठळक आकडा येईल. म्हणजे ज्यांचा अहवाल वाढलेला आला त्या १,०१५ जणांत खरे रुग्ण शंभरात दोनच. या सगळ्यांनी पुढे सीटी आणि सुईच्या तपासण्या केल्या तर होणारा खर्च, भीती आणि क्वचित होणारी इजा यांचा हिशेब कोणत्याही पॅकेजच्या जाहिरातीत नसतो. कर्करोगाच्या शोधासाठी सरसकट ट्यूमर मार्कर करू नयेत असे तज्ज्ञ सांगतात, त्याचे मूळ या साध्या अंकगणितात आहे.

तुम्हाला कदाचित सायफ्रा २१-१, एनएसई आणि प्रोजीआरपी हे ट्यूमर मार्करही सुचवले जातील. स्क्वॅमस आणि स्मॉल सेल हे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रकार आहेत; सायफ्रा स्क्वॅमस प्रकारच्या गाठीत, तर उरलेले दोन स्मॉल सेल प्रकारात वाढतात. निदान झाल्यावर उपचाराला गाठ कसा प्रतिसाद देते हे पाहण्यासाठी काही डॉक्टर ते वापरतात, आणि ते योग्यही आहे. परंतु हे आकडे किती नाजूक असतात हे प्रयोगशाळेत बसल्यावर दिसते. एनएसई ज्या एन्झाइमचे मोजमाप आहे ते तांबड्या रक्तपेशींतही असते, त्यामुळे रक्त ओढताना पेशी फुटल्या किंवा नळी तासन्तास तशीच पडून राहिली, तर सीरम गुलाबी दिसू लागते आणि आकडा फुगतो. आम्ही अशी नळी परत पाठवतो आणि रक्त पुन्हा मागवतो, पण दूरच्या केंद्रावरून कुरिअरने आलेल्या प्रत्येक नळीचा प्रवास कसा झाला हे कोणाला सांगता येत नाही. प्रोजीआरपी मूत्रपिंड अशक्त असले तरी वाढते. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, त्यामुळे एका प्रयोगशाळेतला ७.८ आणि दुसरीतला ६.१ यांवरून मार्कर उतरला असा अर्थ काढू नये.

आपल्याकडे या विषयाला क्षयरोगाची जोड आहे, आणि तिथे रक्ततपासणीचा धडा देशाने एकदा घेतलेला आहे. रक्तातील प्रतिपिंडे शोधून क्षयरोगाचे निदान करणाऱ्या चाचण्या खासगी प्रयोगशाळांत अनेक वर्षे धडाक्याने होत होत्या. त्या भरवशाच्या नाहीत, त्या वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. त्यांची जागा घेणारी चाचणी थुंकीतील जंतूचा डीएनए थेट शोधते: सीबीनॅट ही अशी यंत्रावरची चाचणी साधारण दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन हे औषध त्यावर चालेल की नाही, दोन्ही सांगते, आणि गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालत असल्याने लहान केंद्रांतही बसवता येते. ही तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. वडिलांची थुंकी, लाळ नव्हे तर खोल खोकून काढलेला बेडका, तिथे अवश्य द्या.

याचे दुसरे कारण असे, की एक्स-रेवर डाग दिसला म्हणून थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही क्षयरोगाची औषधे सुरू होतात आणि कर्करोगाचे कित्येक महिने त्यात जातात, ही आपल्याकडची जुनी आणि दुःखद गोष्ट आहे. वडिलांना औषधे सुरू झाली आणि दोन महिन्यांत डाग लहान झाला नाही, तर पुढची तपासणी तुम्ही स्वतः मागून घ्या. छातीत पाणी झाले असल्यास त्या पाण्यातील एडीए हे एन्झाइम पाहतात. तो ४० च्या वर आणि पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त, असे असेल तर क्षयरोगाकडे कल जातो. त्याच पाण्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का हेही त्याच वेळी पाहायला सांगावे, कारण पाणी वारंवार काढणे रुग्णाला सोसत नाही.

लवकर निदानाबाबत आज भक्कम पुरावा आहे तो कमी किरणोत्साराच्या सीटी स्कॅनचा. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या लोकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साध्या एक्स-रेच्या तुलनेत अशा सीटीमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. मात्र तिथेही सीटीवर शंकास्पद ठरलेल्या निष्कर्षांपैकी सुमारे ९६ टक्के निष्कर्ष कर्करोगाचे नव्हते, आणि जुन्या क्षयरोगाचे व्रण घरोघरी असलेल्या आपल्या देशात अशी शंका अधिकच येणार. वडिलांना लक्षणे असल्याने त्यांचा सीटी हा चाळणीचा नसून निदानाचा आहे, म्हणून तो कोणत्या पद्धतीने करायचा हे छातीच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

श्वसनाच्या इतर आजारांतले मार्कर थोडक्यात सांगते, कारण वडिलांना त्यांपैकीही काही असू शकते. विडीमुळे होणाऱ्या सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचे निदान फुंकर मारून केलेल्या स्पायरोमेट्रीने होते, रक्ताने होत नाही. रक्तातील इओसिनोफिल पेशी ३०० च्या वर असतील तर स्टेरॉइडच्या पंपाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त, एवढे रक्त सांगते. अचानक दम लागला तर डी-डायमर हा फुफ्फुसात रक्ताची गुठळी नाही हे सांगण्यासाठी चांगला आहे, गुठळी आहे हे सांगण्यासाठी नाही. दम हृदयाचा की फुफ्फुसाचा याचा उलगडा करायला एनटी-प्रोबीएनपी मदत करतो. यांतला प्रत्येक मार्कर विशिष्ट प्रश्नासाठी पारखलेला आहे आणि डॉक्टरांच्या मनात तो प्रश्न आधी असेल तरच त्याच्या आकड्याला अर्थ येतो.

आता समजा, सीटीमध्ये गाठ दिसली. मग निदान गाठीतून काढलेल्या तुकड्यावर, म्हणजे बायोप्सीवर होते, आणि इथून पुढे मात्र मार्कर खरोखर जीव वाचवतात. सुईने काढलेले तुकडे शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक असतात; ते फॉर्मालिनमध्ये ठेवून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात आणि त्याचे सुमारे चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात. टीटीएफ-१ आणि पी४० अशा रंगक्रियांवरून गाठ अडेनोकार्सिनोमा (ग्रंथीसारख्या पेशींचा कर्करोग) आहे की स्क्वॅमस हे ठरते. प्रत्येक रंगक्रियेत थोडा तुकडा संपतो, आणि कोणते औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या ईजीएफआर, एएलके, आरओएस१ (गाठीच्या जनुकांतील बदल) व पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरील एक प्रथिन) या चाचण्यांना पुरेल एवढा तो राखून ठेवावा लागतो. ईजीएफआरमधील बदल मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाच्या ९०७ अडेनोकार्सिनोमा रुग्णांच्या अभ्यासात २३ टक्के रुग्णांत आढळला. धूम्रपान न करणाऱ्यांत तो अधिक दिसतो, पण वडील विडी ओढतात म्हणून चाचणी वगळू नये.

ती का वगळू नये, हे पूर्व आशियातील रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपास या चाचणीतून दिसते. ईजीएफआरमध्ये बदल असलेल्यांचा आजार गेफिटिनिब या गोळीने मध्यम हिशेबाने ९.५ महिने आटोक्यात राहिला, केमोथेरपीने ६.३ महिने. बदल नसलेल्यांमध्ये तीच गोळी १.५ महिनाच पुरली, केमोथेरपी ५.५ महिने. अहवाल येण्याआधी ओळखीच्यांनी सुचवली म्हणून गोळी सुरू करणाऱ्या कुटुंबांना हे चार आकडे मी नेहमी दाखवते. आज याहून नवी औषधेही आहेत, पण त्यांचीही दारे याच चाचणीने उघडतात.

तुकडा अपुरा पडला, किंवा वडिलांची प्रकृती पुन्हा सुई सोसण्याजोगी नसली, तर गाठीतून रक्तात सुटणाऱ्या डीएनएवर ईजीएफआर तपासता येते. अशा रक्ततपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये प्रथम मान्यता दिली. बदल सापडला तर त्यावर उपचार ठरवता येतो. सापडला नाही, तर रक्तात पुरेसा डीएनए उतरला नसावा ही शक्यता राहते आणि तुकड्याकडेच परतावे लागते. यासाठी रक्त साध्या नळीत देऊन चालत नाही, तेव्हा विशेष नळी आहे ना, हे आधी विचारा.

बायोप्सी झालीच, तर अहवालाच्या कागदाबरोबर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या आणि पोच सांभाळून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना ब्लॉक बरोबर न्यावा लागतो. तो मेणाचा असल्याने उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. ब्लॉकमध्ये ऊतक किती उरले आहे हे पॅथॉलॉजिस्टला विचारून मगच पुढच्या चाचण्यांचा क्रम ठरवायला सांगा. आणि वडिलांना खोकल्यातून रक्त पडू लागले, आवाज बसला किंवा चेहऱ्यावर व मानेवर सूज आली, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्या.