लग्नाचा निकाल हरलो, मग कोर्टात जाण्यात अर्थ आहे का?

समलिंगी लग्नाला मान्यता मागणाऱ्या सुप्रियो खटल्याचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल (१७ ऑक्टोबर २०२३) विरोधात गेला, त्यात सरकारी बँक तुम्हा दोघांचं जॉइंट खातं काढायला का-कू करतेय, म्हणून ‘आता कोर्टाचा नाद सोडावा का’ असं विचारलंत. माझं मत, सोडू नका. पण काय मागायचं ते नीट ठरवा.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चंच बघा. त्याविरुद्ध नाझ फाउंडेशन या संस्थेनं केलेली २००१ ची याचिका दिल्ली उच्च न्यायालयानं २००४ मध्ये न ऐकताच फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानं ती परत तिकडेच पाठवली आणि २ जुलै २००९ ला न्या. अजित शहा (आपल्या सोलापूरचे) आणि न्या. मुरलीधर यांनी प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या कौशल निकालानं ते पुसून टाकलं. कारणं काय, तर हे लोक अगदीच थोडे आणि दीडशे वर्षांत खटलेही दोनशेच्या आत! २०१६ मध्ये मग संस्थेऐवजी नर्तक नवतेज जोहर, शेफ रितू दालमिया अशी माणसं स्वतःच्या नावानं याचिकाकर्ते झाली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात विषय होता खासगीपणाचा, पण ‘संख्या थोडी’ हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. त्यामुळे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल लागण्याआधीच निम्मी लढाई भलत्याच खटल्यात जिंकून झाली होती. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

लग्नाचं तसं नव्हतं. तिथे वारसा, दत्तक, पोटगी असे कितीतरी कायदे हलतात. ते संसदेनं करावं, म्हणून पाचही न्यायाधीशांनी हात आखडता घेतला.

याउलट भादली बुद्रुक (जि. जळगाव) घ्या. ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी एका तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं तो स्वीकारायला लावला. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालानं (तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलचा) आधीच दिला होता. मागणी एकच, तीही नेमकी. बाई निवडूनही आल्या.

तुमचा प्रश्न याच जातीचा आहे. अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदाराला जॉइंट खातं काढायला किंवा नॉमिनी नेमायला बंदी नाही. ते पत्रक जोडून बँकेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि नकारही लेखीच मागा. वकिलाकडे गेलात की तो आधी तेच कागद मागेल.