आबांचे धोतर

स्नायूंचा आनुवंशिक आजार असलेली माणसे माझ्याकडे येतात तेव्हा चालण्याविषयी, नोकरीविषयी, मुलांच्या लग्नाविषयी मोकळेपणाने बोलतात, आणि निघता निघता दाराशी थांबून, आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, कधीकधी कपड्यात होतं. हे आजारामुळे, की माझंच काही चुकतंय?" नकळत कपड्यात शौच होण्याविषयीचा हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे उत्तर एका अनुभवातून द्यावेसे वाटले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सर माध्यमिक शाळेत गणित शिकवत, वय 43. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीचे निदान होऊन चार वर्षे झाली होती. या आजारात स्नायू अशक्त होत जातात आणि आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही. पहिल्या भेटीत त्यांनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला, तरी त्यांची बोटे काही क्षण त्याला धरूनच राहिली. त्याआधी, बसण्यापूर्वी, त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचे अस्तर लावलेला एक चौकोनी रुमाल काढून खुर्चीवर अंथरला होता. तो मी पाहिला. पण दोन भेटी त्याविषयी काही विचारले नाही.

तिसऱ्या भेटीत ते आपणहून बोलले. एकदा वर्गात तसा प्रसंग ओढवला होता. तेव्हापासून ते शाळा सुटेपर्यंत अन्नाला शिवत नव्हते, एसटीचा प्रवास बंद केला होता, पुतणीच्या लग्नालाही गेले नव्हते.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी हात, डोळे, हृदय, सगळं विचारलं. हे नाही विचारलं. आणि मी तरी काय सांगणार? एवढ्या वयाच्या माणसाला एवढंही सांभाळता येत नाही?"

प्रसंग त्रासदायक होताच. पण सरांना घरात कोंडले होते ते त्यांनी त्याला लावलेल्या या अर्थाने, असे मी मानते. हा अर्थ मी युक्तिवादाने खोडू पाहिला. ते मान डोलावत आणि पुढच्या वेळी रुमाल घेऊनच येत.

आजार वडिलांकडून आला असावा, असे डॉक्टरांचे मत होते. म्हणून मी विचारले, "वडिलांना असा त्रास होता?"

"छे!" ते म्हणाले, आणि थांबले. "आबा रात्री उठून विहिरीवर धोतर धुवायचे. पुढे पुढे देवळातही जाईनात. आम्ही भावंडं हसायचो त्यांना." बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हा आजार आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही."

आबांना निष्काळजी म्हणायला त्यांचे मन धजेना, आणि एकाच उदाहरणाला दोन रीती लावणे गणिताच्या शिक्षकाला शक्य नव्हते. माझ्या कितीतरी तासांच्या बोलण्याने जे साधले नव्हते, ते एका धोतराच्या आठवणीने साधले. ती आठवण वर येईल असा प्रश्न सुचला, याचे मला आजही समाधान वाटते.

म्हणून असे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी स्पष्ट सांगते, की हा आजार हातापायांपुरता नसतो. आतड्याच्या भिंतीतले स्नायू मंदावतात, गुदद्वार आवळून धरणारे स्नायूही दुबळे होतात. त्यामुळे कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, तर कधी आत साठलेल्या घट्ट मळाच्या कडेने पातळ मळ झिरपतो. जुलाब समजून दुकानातून गोळी आणून घेतली, तर हा शेवटचा प्रकार आणखी बिघडतो. आतड्यात वाढलेले जंतू, पित्ताचे नीट शोषण न होणे, मधुमेहासाठी चालू असलेले मेटफॉर्मिन, अशी उपचार करता येण्याजोगी कारणेही सापडू शकतात. त्यासाठी आठवडाभर वेळ, खाणे आणि मळाचे स्वरूप वहीत लिहून ती वही सरळ डॉक्टरांच्या हाती द्यावी, म्हणजे तोंडाने सांगण्याचा संकोच उरत नाही. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते. तेव्हा न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत कमोडवर, पायांखाली छोटे स्टूल घेऊन, न कुंथता बसण्याची सवय लावावी. दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल द्यायची असेल, तर आजाराचे नाव आधी सांगावेच. यात भुलीचा धोका जास्त असतो. आणि उपाशी राहू नये, कारण दुबळ्या स्नायूंना उपासमार सोसत नाही.

सरांनी वही लिहिली, औषधे बदलली, त्रास पुष्कळ कमी झाला. पूर्ण गेला नाही. रुमाल अजून पिशवीत असतो.

हा आजार आई किंवा वडिलांना असेल, तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. सरांच्या थोरल्या बहिणीलाही तो आहे. शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला आणि आबांच्या धोतराची गोष्ट सांगून विचारले, "ताई, तुलाही होतं का गं तसं?"

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"