सिंगल इस्टेट, म्हणजे एकाच मळ्यातली कॉफी नव्याने प्यायला सुरू करताय? आधी एवढंच बघा

अहो, लगेच महागडं मशीन नका घेऊ. चिकमंगळूर नाहीतर कूर्गच्या एकाच मळ्यातली अरेबिका (कॉफीची एक जात) घ्या, अख्ख्या बिया, 250 ग्रॅमच, आणि पाकिटावर रोस्टची, म्हणजे बिया भाजल्याची तारीख नसेल तर सरळ परत ठेवा. चिकोरीवाली, म्हणजे चिकोरीच्या मुळांची पूड मिसळलेली तर नकोच, मळ्याची चव तिच्याखाली दबून जाते.

साधा हँड ग्राइंडर घ्या, ऐनवेळी दळा. 15 ग्रॅमला 240 मिली पाणी, उकळी आली की अर्धा मिनिट थांबून पुडीवर ओता, ताजी असेल तर पूड फुगून वर येते, बुडबुडे फुटतात, तो वास घ्याच! कडू लागली तर जाड दळा, आंबट लागली तर बारीक. नवीन लोक दळण तसंच ठेवून पूडच वाढवत बसतात.

आणि छोट्या शेतकऱ्याला हातभार लावायचाय ना, मग नुसत्या इस्टेट शब्दावर जाऊ नका. आंध्रातल्या अराकूची कॉफी घ्या, 2019 ला जीआय (त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख) मिळालाय तिला, तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांकडे जमीन थोडीथोडी, माल बऱ्याचदा एकत्रच प्रोसेस होतो, त्यामुळे एका शेताचं नाव मिळेलच असं नाही, गावाचं किंवा सोसायटीचं असलं तरी चालतं. रोस्टरला, म्हणजे बिया भाजून विकणाऱ्याला बिनधास्त विचारा, शेतकऱ्याला किलोमागे किती दिले? मी दर वेळी विचारते.