मशीन लाखाचं, तरी टाका सोडतंय : वाचकांचे प्रश्न

गोधडी, क्विल्ट आणि भरतकामासाठी महागडी शिलाई मशीन घेतलेल्या वाचकांची पत्रं या वेळी उत्तरांसाठी निवडली आहेत. काहींना मशीन पाहून हरखायला होतंय, काहींना पश्चात्ताप होतोय. बऱ्याच ठिकाणी दोघांचंही मशीन एकाच प्रकारचं आहे, हेही सांगायला हवं.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी चारशेहून जास्त प्रकारच्या टाक्यांचं कॉम्प्युटराइज्ड मशीन घेतलं. वापरते फक्त सरळ टीप आणि झिगझॅग. गोधडी शिवायला घेतली की मात्र जागाच पुरत नाही. पैसे वाया गेले का? (पुणे)

टाक्यांचा आकडा दुकानात सांगायला बरा असतो. गोधडी शिवणाऱ्याने आधी मोजायचं ते सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतचं अंतर. साध्या घरगुती मशीनमध्ये ते सहा-सात इंच असतं. ६० इंच रुंद गोधडीची मधली टीप मारताना ३० इंच कापड गुंडाळून त्या फटीत बसवावं लागतं. दाबलेल्या थरांची जाडी पाव इंच धरली, तर घट्ट गुंडाळीचा व्यास तीन इंच होतो. हाताने सरकवता यावी इतकी ती सैल ठेवली की चार. डबल बेडसाठी ९० इंच रुंदी घेतली तर सैल गुंडाळी पाच इंचांवर जाते. साडेसहा इंचांतून पाच गेले, म्हणजे हात घालायला जागा उरली दीड इंच. खांदे दुखतात ते यामुळे.

म्हणूनच जुकी कंपनीची टीएल मालिका वापरणारे सहसा कुरकुर करत नाहीत. ते मशीन फक्त सरळ टीप मारतं, झिगझॅगसुद्धा नाही. पण मिनिटाला १५०० टाके आणि साडेआठ इंच जागा देतं. जानोमेच्या मेमरी क्राफ्ट ६७००पीमध्ये ही जागा १० इंच आणि वेग मिनिटाला १२०० टाके आहे. (‘जानोमे’ म्हणजे जपानीत सापाचा डोळा. गोल बॉबिन तशी दिसते म्हणून हे नाव पडलं.) बर्निनाच्या ७७० क्यूईमध्येही १० इंच मिळतात. या शेवटच्या दोन्ही मशीनमध्ये सजावटीचे टाकेही आहेत, पण रोज उपयोगी पडतात त्या वेगळ्याच गोष्टी: थांबल्यावर सुई खालीच ठेवणारं बटण, कापड दाबणारा पाय गुडघ्याने उचलायचा दांडा, आपोआप दोरा कापणारं पातं.

तुमचं मशीन विकायची घाई करू नका. गोधडी २०-२० इंचांच्या तीन पट्ट्यांत शिवा. प्रत्येक पट्टी पूर्ण क्विल्ट करा (म्हणजे तिचे थर टिपांनी एकत्र शिवा), कडेला मात्र एक इंच मोकळा सोडा. नंतर वरचे थर मशीनवर जोडा, आतलं भरण टोकाला टोक भिडवून कापा आणि मागचं कापड दुमडून हातशिलाईने बंद करा. सहा इंचांतही काम निभतं. पुढचं मशीन घ्याल तेव्हा आपलीच गुंडाळी काखेत मारून दुकानात जा. दुकानदार देतो त्या कडक कापडाच्या तुकड्यावर कुठलंही मशीन सुरेखच शिवतं.

प्रश्न : मशीन नवं आहे, तरी कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. बॉबिनचा स्क्रू पिळून पाहिला, फरक नाही. (कोल्हापूर)

गुंता खाली दिसतो, पण चूक जवळपास नेहमी वरच्या दोऱ्याची असते. वरच्या दोऱ्याला ताण नसला की बॉबिनभोवती फिरणारं शटल त्याचा मोठा फास खाली ओढतं आणि तो परत वर जात नाही. बॉबिनचा स्क्रू होता तिथे परत आणा. किती फिरवला ते आठवत नसेल आणि बॉबिन केस धातूची, बाहेर निघणारी असेल, तर बॉबिनसकट केस दोऱ्याला लटकवा. ती जागेवर थांबली पाहिजे आणि हाताला हलका झटका दिल्यावर दोन-तीन इंच उतरली पाहिजे.

आता वरचा दोरा पूर्ण काढा. रिळाजवळ कापा आणि सुईच्या बाजूने ओढून घ्या. उलटा ओढलात तर तंतू टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांत अडकतात. कापड दाबणारा पाय वर करा, कारण पाय खाली असताना त्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा आत न जाता वरच्यावर राहतो. काळ्या पायमशीनवर चकत्या डोळ्यांसमोर असतात, दोरा नीट बसला की नाही ते कळतं. नव्या मशीनमध्ये त्या कवचाखाली लपलेल्या असतात, त्यामुळे जुना हातही इथे फसतो. दोरा वर-खाली करणारा दांडा सर्वांत वर आणून दोरा ओवा. सुईत घालण्याआधी पाय खाली टाका आणि दोरा ओढून बघा: घट्ट यायला हवा. पाय वर असताना आणि खाली असताना सारखाच सैल येत असेल, तर तो चकत्यांत गेलेलाच नाही.

वरून बसवायची बॉबिन असेल तर बहुतेक मशीनमध्ये दोरा घड्याळाच्या उलट दिशेने सुटला पाहिजे आणि खाचेत अडकवलेला पाहिजे. पहिले तीन टाके दोन्ही टोकं मागे धरून मारा. एवढं करून वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून टीप मारा. खाली लाल ठिपके दिसले तर वरचं टेन्शन अर्ध्या अंकाने वाढवा, वर पांढरे दिसले तर कमी करा. स्क्रूला हात लावायचा तो त्यानंतरच.

प्रश्न : जुन्या साड्यांची वाकळ मशीनवर शिवते. वरचा थर पुढे सरकतो, मागे चुण्या पडतात आणि मशीन टाके सोडतं. हातशिलाईत असं कधी झालं नाही. (सातारा)

हातशिलाईत सुई सगळे थर एकदम उचलते. मशीनमध्ये खालचे दाते फक्त खालचं कापड पुढे नेतात आणि वरचा पाय वरच्या कापडाला मागे घासतो. पाच थर असतील तर प्रत्येक थर जरा-जरा मागे राहतो आणि ९० इंचांच्या शेवटी हा फरक बोटभर होतो. त्यासाठी वरूनही कापड ओढणारा पाय लागतो. त्याला वॉकिंग फूट म्हणतात. फाफच्या बऱ्याच मशीनमध्ये आणि बर्निना, जानोमेच्या वरच्या मॉडेलमध्ये अशी सोय जोडूनच येते. वॉकिंग फूट वेगळा घेतलात तर त्याचा काटा सुईच्या स्क्रूवर बसलाय ना, ते पाहा. तो खाली राहिला तर वरचे दाते हलतच नाहीत.

साड्या आधी धुऊन, स्टार्च काढून, इस्त्री करून घ्या. जरीचे काठ आणि पदर कापून टाका; जरीची तार दोरा कातरते आणि सुईचं टोक बोथट करते. सुती साड्यांचे चार ते सहा थर घरगुती मशीन सहज पेलतं. नायलॉन-पॉलिएस्टर मिसळलेली साडी शक्यतो घालू नका, घालायचीच असेल तर मधल्या थरात. जमिनीवर मागचं कापड ताणून, चिकटपट्टीने कडा लावून बाकीचे थर पसरा आणि दर चार इंचांवर सेफ्टी पिन लावा किंवा हाताने लांब कच्चा टाका घाला. या कामाला दोन तास लागतात. कंटाळा करून ते टाळलं की चुण्या पडतातच, मशीन कितीही महाग असो.

पहिली टीप मधोमध मारा, मग एका बाजूला कडेकडे जा, नंतर गोधडी फिरवून दुसरी बाजू घ्या. एका बाजूच्या सगळ्या टिपा एकाच दिशेने मारा. एक वरून खाली आणि दुसरी खालून वर मारली की दोन टिपांमधलं कापड तिरकं पिळवटतं. टाक्याची लांबी ३ ते ३.५ मिलिमीटर ठेवा, पायाचा दाब कमी करा, गोधडीचं वजन टेबलावर किंवा खुर्चीवर टेकवा. लोंबकळणारी गोधडी सुईला ओढते, मग सुई वाकून तिच्याखालच्या धातूच्या पट्टीवर आपटते.

आता सुटणाऱ्या टाक्यांविषयी. सुई वर येताना तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, शटलचं टोक तो पकडतं. जाड थर सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचलले गेले, तर फास बनतच नाही. बोथट किंवा बारीक सुईने हे होतं. ९०/१४ ची क्विल्टिंग सुई किंवा जाड दोऱ्यासाठी १००/१६ ची टॉपस्टिच सुई लावा. ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. घरगुती मशीनला चपट्या बुडाची १३०/७०५ एच जातीची सुई लागते, तिलाच एचए×१ म्हणतात. कारखान्याच्या मशीनची गोल बुडाची डीबी×१ त्यात कोंबू नका.

६० बाय ९० इंचांच्या गोधडीवर दर दोन इंचांनी उभ्या टिपा मारल्या तर सुमारे ६६ मीटर टीप, म्हणजे २२ हजार टाके होतात. एका गोधडीला एक नवी सुई, हा हिशोब त्यावरूनच. एकाच छिद्राची सरळ टाक्याची पट्टी मिळत असेल तर तीही बसवा, कापड छिद्रात दबत नाही. मात्र ती लावलेली असताना चुकून झिगझॅग निवडलं तर सुई मोडून डोळ्याकडे उडू शकते. काही मशीन ही पट्टी ओळखून अडवतात, सगळी नाही.

प्रश्न : अमेरिकेतून कायमचे ठाण्याला परततोय. तिथलं मशीन आणावं का? (न्यू जर्सी)

मशीनच्या मागची पट्टी वाचा. १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदला. बहुधा १२० व्होल्ट असेल. मग व्होल्टेज उतरवणारा तांब्याच्या वळ्यांचा जड ट्रान्सफॉर्मर लागेल. मशीन १०० वॉटचं असेल तर ३०० व्हीएचा पुरतो. हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर लावू नका, त्याने मशीनचं सर्किट जळू शकतं. पट्टीवर नुसतं ६० हर्ट्झ असेल तर तासभर चालवून मशीन किती तापतं ते हाताने पाहा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा.

वॉरंटी सहसा जिथे विकत घेतलं त्याच देशापुरती असते. म्हणून त्याच मॉडेलचे भाग इथल्या सर्व्हिस सेंटरला मिळतात का, हे आधी विचारा. उषाकडून जानोमेची मशीन इथे विकली जातात, पण अमेरिकेतलं प्रत्येक मॉडेल त्यात नसतं. आणायचं ठरलं तर सुई काढा, भरतकामाचं युनिट वेगळं करा आणि मूळ थर्मोकोलमध्येच पॅक करा. जादा बॉबिन, पाय आणि एक बॉबिन केस तिथूनच घेऊन ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात सुईखालची पट्टी गंजते. खोबरेल तेल चालेल का? (रत्नागिरी)

नाही. खोबरेल, शेंगदाणा, कुठलंच खाद्यतेल नको. ते चिकट होऊन त्यात कापडाची लव अडकते आणि शटल जड फिरतं. गंज सोडवायचा स्प्रेसुद्धा वंगण नव्हे. मशीनचं पातळ, रंगहीन तेलच वापरा आणि पुस्तिकेत दाखवलंय तिथेच. बर्निनाच्या शटलच्या खाचेला एक थेंब लागतो, जुकीच्या टीएलला बऱ्याच जागी, तर काही कॉम्प्युटराइज्ड मशीनमध्ये घरी तेल घालायचंच नसतं. दर दोन बॉबिनांनंतर पट्टी उघडून लव ब्रशने काढा. फुंकर मारू नका, तोंडची वाफ आत जाते आणि लव आणखी खोल. मशीन कपड्याने झाका, प्लॅस्टिकने नको. विजा चमकत असताना प्लग काढून ठेवा.

प्रश्न : बाजारातल्या स्वस्त बॉबिन चालतात का? (सांगली)

उंची जुळली तरच. दिसायला सारख्या प्लॅस्टिक बॉबिनांत दशांश मिलिमीटरचा फरक असतो. तेवढ्याने बॉबिन आत खडखडते, टेन्शन बदलतं आणि दोरा संपल्याचा सेन्सर चुकतो. प्लॅस्टिकच्या जागी लोखंडी तर मुळीच घालू नका. नवी पाकिटं आणलीत की जुन्या बॉबिनशेजारी काचेवर उभी करून वरून पट्टी ठेवा. पट्टी डुगडुगली तर परत करा.