अनुभवाच्या दाखल्यात कामाचे स्वरूप लिहून घ्या

वकिलांच्या कार्यालयात चार वर्षे मिळकतींचे शोध अहवाल (मालकी हक्काच्या तपासणीचे अहवाल) तयार केले, तर भूमी अभिलेख कार्यालयातील कंत्राटी पदासाठी तो ‘संबंधित कामाचा अनुभव’ ठरेल का, असे आपण विचारले आहे. नेमक्या याच अटीवर माझी एक संधी गेली असल्याने सविस्तर लिहितो.

माझ्या मते तो ठरायला हवा. तीस वर्षांचा शोध घेताना सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयातील दस्तांची सूची), जुने सातबारा आणि फेरफार नोंदी तपासाव्या लागतात, जमिनींच्या एकत्रीकरणापूर्वीचे सर्व्हे नंबर नंतरच्या गट नंबरांशी जुळवावे लागतात आणि वारस नोंद राहून गेल्याने तुटलेला हक्काचा दुवा शोधावा लागतो. हे ज्याला जमते त्याला अभिलेख वाचता येतो. निव्वळ टंकलेखनाची वर्षे मी याच्या बरोबरीची मानत नाही. अर्थात हे माझे मत झाले, निर्णय जाहिरातीच्या शब्दांवर होतो. भूकरमापक पदाच्या सरळसेवा भरतीत मात्र स्थापत्य पदविका किंवा आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम मागितला जातो आणि अनुभव त्याची जागा घेऊ शकत नाही.

मी पाच वर्षे एका खाजगी मोजणीदाराकडे काम केले. हद्दी दाखवणे, पोटहिश्श्यांची मापे घेणे, टिपण व गटबुक या मोजणीच्या अभिलेखांच्या नकला जागेवरील वहिवाटीशी ताडून पाहणे, हे सारे केले. नोकरी सोडताना मात्र ‘यांचे काम समाधानकारक होते’ असा तीन ओळींचा दाखला मिळाला आणि मी तो न वाचताच धारिकेत ठेवला. त्यात पदनाम नव्हते, रुजू झाल्याची तारीख नव्हती आणि मोजणी हा शब्दसुद्धा नव्हता. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी तो बाजूला ठेवण्यात आला. सुधारित दाखला हाती येईपर्यंत निवड यादी लागली होती. नाकारण्याचे कारण लेखी मिळावे म्हणून मी त्या कार्यालयात चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी मला दुसऱ्या टेबलाकडे पाठवण्यात आले आणि एकाही अर्जाची पोच मिळाली नाही. उमेदवाराला दोन ओळींचे कारण न देणे हा अन्याय आहे, असे मला आजही वाटते. मी तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज करायला हवा होता, कारण 2005 च्या अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

म्हणून दाखल्याचा मसुदा आपणच तयार करून वकीलसाहेबांकडे न्या. त्यात कालावधी, पदनाम, कोणत्या तालुक्यांतील अभिलेख हाताळले आणि अहवालात आपला वाटा काय होता, हे स्पष्ट असावे. आजपासून एक कामवहीही ठेवा. तारीख, गाव, गट नंबर आणि पाहिलेले दस्तऐवज एवढे पुरे, पक्षकारांची नावे लिहू नका. मोडी वाचता येत असल्यास तेही दाखल्यात घ्या, कारण जुन्या दप्तरांत मोडी कागद निघतात आणि ते वाचणारे थोडे आहेत. अर्जाची मुदत जवळ आली असेल तर बाकी सारे राहू द्या आणि वकीलसाहेबांना उद्याच भेटा.