पावसातली पहिली २०० : नुसता ट्रेनर पुरेल का?

ऑगस्टमध्ये पहिली २०० ची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड आहे, पावसामुळे दोन महिने घरात ट्रेनरवरच, म्हणजे सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवरच सराव चाललाय, तेवढा पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. पायांना पुरेल. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरूनही ताशी पंधराच्या आत. पावसात मात्र माणूस हरतो तो थंडीने. भिजल्या अंगाने थांबणं आणि पुन्हा निघणं, याचा सराव ट्रेनरवर होत नाही.

माझी पहिली मोठी पावसाळी राइड पुणे-पाचगणी-पुणे. पसरणी घाट चढताना अंग चांगलं तापलेलं, जाकीट बॅगेतच. वर धुक्यात टपरीवर चहा-भजी झाली, वीस मिनिटं गेली. उठलो तर दातावर दात आपटत होते. उतारावर बोटं इतकी बधिर, की ब्रेक दाबला गेलाय की नाही ते डोळ्यांनी बघावं लागत होतं. वाईत एका बंद दुकानाच्या पायरीवर अर्धा तास हात काखेत धरून बसलो.

म्हणून येत्या रविवारपासून बाहेर पडा. साठ-सत्तर किलोमीटर पुरे. भिजा, मध्ये मुद्दाम पंधरा मिनिटं थांबा आणि तसेच पुढे निघा. थांबल्या क्षणी जाकीट चढवायचं, हुडहुडी भरायची वाट बघायची नाही. पावसाळी जाकिटातही घामाने माणूस आतून भिजतोच. ते वारा अडवायला असतं. खाण्याचीही तालीम करा. ओल्या बोटांनी चिक्कीचं प्लॅस्टिक फाटत नाही, मग खाणं लांबणीवर पडतं. मी खजूर बिया काढून झिपच्या पिशवीत ठेवतो. पावसात तहानही लागत नाही, तेव्हा घड्याळ बघून दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्याच.

रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबले जाणारे) असतील तर आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग पकड येते. वळणाच्या बरंच आधी हलका ब्रेक लावत जा. पांढरे पट्टे आणि गटाराची झाकणं सरळ ओलांडा, त्यांच्यावर वळू नका. रूळ काटकोनात. डबक्यात चाक कधीच घालू नका, खाली खड्डा केवढा आहे ते दिसत नाही. टायरमधली हवा मी नेहमीपेक्षा दहा पीएसआय (दाबाचं माप) कमी ठेवतो.

या दिवसांत वारा पश्चिमेचा. पुण्याहून मुळशीकडे निघालात तर जाताना तोंडावर, येताना पाठीशी. दमलेल्या पायांना हेच बरं. पण ताम्हिणीत शिरू नका, दरडींचा भरवसा नाही. रेड अलर्टच्या दिवशी ट्रेनरच बरा.

घरी आल्यावर आधी स्वतः कोरडे व्हा, मग त्याच संध्याकाळी चेन पुसून तेल घाला आणि ब्रेक पॅडमध्ये रुतलेली वाळू टोकरून काढा. ओली चेन रात्रभर तशीच राहिली तर सकाळी तांबूस झालेली दिसते.