वाचकांचे प्रश्न : माल्टाचे सहा खासदार

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. २६ जून २०२४ रोजी नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघासाठी मतदान करताना केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने आम्ही उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहिले. माल्टा या बेटांच्या देशातही असेच आकडे लिहून युरोपीय संसदेचे सदस्य निवडतात, असे वाचनात आले. एवढ्याशा देशाला सहा जागा कशा, आणि आकड्यांवरून सहा जण निवडतात तरी कसे?

उत्तर : आधी जागांचे पाहू. माल्टाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या जळगाव शहराची ४ लाख ६० हजार होती. सबंध खानदेशातून लोकसभेवर जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार असे चारच खासदार जातात (त्यातही धुळे मतदारसंघाचा निम्मा भाग नाशिक जिल्ह्यात आहे), हे लक्षात घेता आपले आश्चर्य रास्तच आहे. युरोपीय संघाच्या करारानुसार कोणत्याही सदस्य देशाला सहापेक्षा कमी आणि ९६ पेक्षा जास्त जागा मिळत नाहीत. त्यामुळे जर्मनीचा एक सदस्य साडेआठ लाखांहून अधिक लोकांचा प्रतिनिधी ठरतो, तर माल्टाचा लाखभरापेक्षाही कमी लोकांचा. ही विषमता जाणूनबुजून ठेवलेली आहे, कारण निव्वळ लोकसंख्येवर जागा वाटल्या असत्या, तर माल्टाच्या वाट्याला जेमतेम एखादी जागा आली असती.

आता आकड्यांकडे वळू. आपल्या शिक्षक मतदारसंघात जागा एकच असते, म्हणून निम्म्याहून एक मत अधिक मिळवणारा उमेदवार निवडून येतो आणि दुसऱ्या पसंतीचे काम बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांपुरतेच उरते. माल्टात मात्र सारा देश मिळून एकच मतदारसंघ आणि जागा सहा, त्यामुळे वैध मतांना सहाने नव्हे तर सातने भागून त्यात एक मिळवतात. इतकी मते सहा जणांनाच मिळू शकतात, सातव्याला उरतच नाहीत. हाच विजयाचा कोटा. ज्याला कोट्याहून जास्त मते पडतात त्याची वरची मते पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे जातात, आणि कोणीच कोटा गाठत नसेल तर सर्वांत तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढे वाटल्या जातात.

हे गणित आपल्याकडेही एकदा गाजले आहे. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहाच जागा भरायच्या होत्या आणि भागाकार सातनेच झाला. पहिल्या पसंतीच्या मोजणीत संजय पवार यांना ३३, तर धनंजय महाडिक यांना २७ मते होती. तरीही महाडिक निवडून आले, कारण त्यांच्या पक्षाच्या इतर दोन उमेदवारांची कोट्यावरची मते त्यांच्याकडे आली. फरक इतकाच की तेथे आमदार पक्षाच्या आदेशाने आकडे लिहितात आणि माल्टात सामान्य मतदार आपल्या मर्जीने. ८ जून २०२४ च्या मतदानात रोबर्टा मेट्सोला यांना पहिल्या पसंतीची सुमारे ८७ हजार मते पडली, म्हणजे दोन कोट्यांपेक्षाही जास्त. ती वाया न जाता बहुतेक त्यांच्याच नॅशनॅलिस्ट पक्षाच्या इतर उमेदवारांकडे वळली, आणि त्या पक्षाला तीन व मजूर पक्षाला तीन जागा मिळाल्या.

या पद्धतीची खरी गंमत, माझ्या मते, पक्षाच्या आत आहे. मतपत्रिकेवर एका पक्षाची नावे एकत्र असली तरी ती वर्णानुक्रमे असतात. पक्षनेतृत्वाला आपला माणूस वर बसवता येत नाही. परिणामी स्वपक्षीयांशीच चुरस होते आणि घरोघरी जाऊन ‘मला नाही तर निदान दुसरी पसंती द्या’ असे सांगावे लागते. लहान पक्षांना मात्र हा कोटाही जड जातो. २००४ मध्ये माल्टाच्या पाचच जागा होत्या. तेव्हा पर्यावरणवादी पक्षाच्या उमेदवाराला पहिल्या पसंतीची नऊ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही जागा मिळाली नाही.

आपण शिक्षिका आहात म्हणून सांगतो, माल्टात २०१८ पासून मतदानाचे वय १६ वर्षे आहे. आपल्या दहावीच्या वर्गातली थोडी मोठी मुले तेथे मतदार ठरली असती.

मुदतीपूर्वी जागा रिकामी झाली, तर तेथे नव्याने मतदान घेत नाहीत. गेलेल्या सदस्याला ज्या मतपत्रिकांनी निवडून दिले होते, त्याच बाहेर काढून पराभूत उमेदवारांपैकी कोणाला त्यांवर पुढची पसंती आहे ते मोजतात. मेट्सोला २०१३ मध्ये याच मार्गाने प्रथम संसदेत गेल्या. जानेवारी २०२२ मध्ये त्या त्याच संसदेच्या अध्यक्ष झाल्या.